मान्साच्या गाण्याची तिसरी ओळ

लंडन,
११ जानेवारी १९९८

प्रिय मामा,

ख्रिसमसला पत्र आलं नाही म्हणून तुम्ही मान्सामावशीच्या भट्टीशी बसून माझ्या नावाने बोटं मोडली असणार. मोडा, पण मग हे वाचा. मला चित्रपट मिळालाय. साबणाची जाहिरात नाही, शाळेत दाखवायची फिल्म नाही. पुरा दोन तासांचा चित्रपट, आणि त्याचं सगळं संगीत माझं.

गोष्ट आपल्याच अनोमाबोच्या किनाऱ्यावरची आहे, मासे धुरावर सुकवणाऱ्या बायकांची. दिग्दर्शकाचं नाव निई आर्मा. राजधानीचा, आक्राचा आहे, गा जमातीचा, म्हणजे केंकी, ते आंबवलेल्या मक्याचे गोळे, आपल्यासारखे केळीच्या पानात नाही तर मक्याच्या सालीत बांधून खाणारा. पण तेवढं सोडलं तर बरा आहे. त्याने शेवटची चार मिनिटं एकाही शब्दाशिवाय ठेवली आहेत. चॅपलमध्ये प्रवचन चालू आहे, आणि मधेच एक बाई उठून गायला लागते, आपल्याकडे उठतात तशी. मग बाकीच्या तिच्यामागे. ते बघितलं आणि मला दुसरं काही सुचेचना. मामा, तिथे मला मान्साचं गाणं हवंय. तुमची परवानगी हवी, आणि मावशीचीही.

रेकॉर्डिंग एप्रिलमध्ये, बुडापेस्टला. लंडनचा वाद्यवृंद निर्मात्याला झेपत नाही, आणि तिकडचे लोक फार चांगलं वाजवतात असं ज्याला विचारावं तो सांगतो. चौपन्न माणसं असतील. मी लिहिलेलं एकाच वेळी चौपन्न माणसं वाजवणार, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

गाणं मला पाठ आहे, पण तिसऱ्या ओळीच्या शेवटी अडखळते. माझ्या आठवणीत ती ला या सुरावर येऊन थांबते. एकवीस वर्षं इथे काढल्यावर माझ्या कानांचा माझाच भरवसा राहिलेला नाही, म्हणून तुमच्या हाताने लिहून पाठवा. नेहमीसारखं रोमन अक्षरांत, डोसाठी d, रेसाठी r असं, लिहिलंत तरी चालेल, मी पाच रेघांवर, इथल्या स्वरलिपीत, उतरवून घेईन. तिकडच्या लोकांना आपली डो-रे-मीची अक्षरं कुठली कळायला.

तुमची,
अराबा

•

अनोमाबो,
३ फेब्रुवारी १९९८, मंगळवार

अराबा पोरी,

पत्र मिळालं. बोटं मोडली होती, ती आता सरळ केली आहेत. मान्साला सांगितलं तेव्हा ती मासे उलटत होती. तिने हात पुसले, आत जाऊन चांगलं वस्त्र नेसून आली आणि मग म्हणाली, आता परत सांगा. परत सांगितलं. परवानगी आहे म्हणते, पण सिनेमातल्या बाईने गाताना हात कमरेवर ठेवायचे नाहीत, ते तिला आवडत नाही.

तुला गाण्याचा उगम माहीत आहे तरी लिहून ठेवतो, तुझ्या त्या केंकीवाल्याच्या उपयोगी पडेल. एकसष्ट साली तीन होड्या गेल्या आणि दोन आल्या. न आलेल्या होडीत मान्साचा नवरा होता. दुसऱ्या रविवारी प्रवचन चालू असताना ती उठली आणि पहिली ओळ तिच्या तोंडून गेली. पुढच्या तीन ओळी मी बांधल्या, त्याच आठवड्यात. नाव मात्र तिचंच राहिलं आणि ते बरोबर आहे.

कागद सोबत आहे. मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलाय, परदेशात तुला चष्मा शोधायला लागू नये म्हणून. एक अट आहे. डो एका जागी ठोकून ठेवायचा नाही. ज्या दिवशी ज्या गळ्याला जिथे सोपं जाईल तिथे डो धरायचा आणि बाकीच्यांनी तिथून पुढे यायचं. आमच्यात गळा आधी आणि पेटी नंतर.

आता तुझ्या शेवटच्या वाक्याबद्दल. इथेही तेच चाललंय. चॅपलच्या वडीलधाऱ्यांनी केप कोस्टच्या बँकेतला एकोव नावाचा माणूस आणलाय, तिशीचा, सभ्य, बुटांना पॉलिश. त्याला कीबोर्ड येतो आणि पाच रेघा येतात. ईस्टरनंतर माझा गायकवृंद पाच रेघांवर न्यायचा असं घाटतंय. म्हणतात, जगात आता ही अक्षरं कोण वाचतं. माझ्या एकतीस वह्या आहेत, अराबा. सहाशे बारा गाणी, एकूण एक अक्षरांत. ज्यांना ती वाचता येतात त्यांतले निम्मे टेकडीवरच्या कबरस्तानात आहेत. मला मरायची भीती वाटत नाही, पण मी गेल्यावर त्या वह्या मासे गुंडाळायला जातील, ही वाटते.

असो. आज समुद्राची सुट्टी, होड्या वाळूवर आहेत आणि भट्ट्या थंड. बायका तालमीला येऊन बसल्यात आणि माझ्या नावाने खोकतायत. उठतो.

तुझा मामा,
क्वेकू बेंटसिल

•

लंडन,
२२ फेब्रुवारी १९९८

प्रिय मामा,

ते शेवटचं वाक्य मी न विचार करता लिहिलं होतं. तुमचं पत्र वाचून लाज वाटली, आणि लाज वाटायचं कारण तुम्हाला माहीत आहे त्याहून मोठं आहे, तेही आज सांगून टाकते.

इथे कॉलेजात पहिल्या वर्षी खोलीत माझ्याबरोबर एक मुलगी होती, वयाच्या तिसऱ्या वर्षापासून व्हायोलिन शिकलेली. तुम्ही दिलेली हिरव्या पुठ्ठ्याची वही मी गादीखाली ठेवायचे. ती झोपली की काढून बघायचे, कारण पाच रेघांवरचं वाचण्याआधी मला ते मनात अक्षरांत करून घ्यावं लागायचं. आजही लागतं. कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही दरवेळी लिहायचात, अक्षरं विसरलीस का, आणि मी उत्तर देत नव्हते. विसरले नव्हते, मामा. लपवत होते.

कागद मिळाला. अक्षर एवढं मोठं काढलंय की मला परत पहिलीत बसवल्यासारखं वाटलं, फार हसले. पण तिसऱ्या ओळीच्या शेवटी तुम्ही t, म्हणजे टी, लिहिलाय. उभ्या रेघेवर आडवी काटकी स्पष्ट आहे. माझ्या आठवणीत तिथे काटकी नाही, नुसती उभी रेघ, l, म्हणजे ला. मी दोन्ही गाऊन पाहिलं. ला घेतला की ओळ खाली बसते, टी घेतला की लोंबकळत राहते. कुठलं बरोबर, ते मला नक्की कळवा. चौपन्न माणसांच्या हातात जाणार आहे.

आणखी एक मागणं आहे. मंगळवारच्या तालमीची एक कॅसेट पाठवाल? मावशी उठते ती, आणि तुम्ही काठीने बाकावर ठोका देता ती. तिकडच्या लोकांना ऐकवायची आहे. कागदावर सगळं येत नाही.

वह्यांचं मी बघते. काय ते मला अजून माहीत नाही, पण बघते.

तुमची,
अराबा

•

अनोमाबो,
१७ मार्च १९९८

अराबा,

मी लिहिलंय ते बरोबर आहे. ज्याने ओळ बांधली त्याला तिचा शेवट माहीत असतो. टी आहे, टीच वाजव.

कॅसेट पाठवता येणार नाही. यंत्र बिघडलंय. आणि यंत्र चाललं असतं तरी तालीम माझी राहिलेली नाही. काठी मी परवा एकोवच्या हातात दिली. ईस्टरची वाट कशाला बघायची.

तू विचारशीलच, म्हणून सांगतो. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत तुझं जानेवारीचं पत्र वाचलं गेलं. भाचीला सिनेमा मिळाला हे सगळ्यांना ऐकवायचं होतं, दुसरं काय. पण पत्रात ते वाक्यही होतं. तिकडच्या लोकांना आपली अक्षरं कुठली कळायला. पंचेचाळीस वर्षं मी ही अक्षरं शिकवली, आणि जिला शिकवलं म्हणून सगळ्यांना सांगत आलो, ती लंडनहून हे लिहिते. त्यानंतर मी काय तोंड उघडणार होतो?

मी रागावलेलो नाही. तू खरं तेच लिहिलंस. गादीखालच्या वहीचं वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, त्यातलं जास्त काय ते मला सांगता येत नाही. तू जेवत जा. चौपन्न माणसांपुढे उपाशीपोटी उभी राहू नकोस.

मामा

•

बुडापेस्ट,
२५ एप्रिल १९९८

प्रिय मामा,

तुमच्या मार्चच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा ते रडगाणं झालं. माझ्या एका वाक्याने तुमच्या हातातली काठी गेली, यावर माफी कशी मागतात ते मला येईना. आज माफी मागायला नाही, बातमी द्यायला बसले आहे. बसूनच वाचा.

तीन दिवस रेकॉर्डिंग होतं. हॉल जुना, लाकडाचा, उंच छताचा. माणसं ठरल्या वेळेला येतात, कोट काढून खुर्चीला अडकवतात आणि समोर ठेवलेलं पहिल्या फटक्यात वाजवतात. मी महिनाभर डोकं आपटून लिहिलेलं त्यांनी चहा ढवळावा तसं वाजवलं. पहिले दोन दिवस मी काचेमागे बसून आनंदाने नुसती वेडी झाले होते. प्रत्येकाच्या कानात एक यंत्र असतं, त्यातून टकटक ठोका येतो, म्हणजे वाजवणं पडद्यावरच्या चित्राच्या मागेपुढे होत नाही. वाद्यवृंदापुढे उभा राहून हात करणाऱ्याचं नाव गेर्गेय. त्याला इंग्रजी येतं, आणि बाकीच्यांना तोच सांगतो.

मान्साचं गाणं शेवटच्या दिवशी शेवटी ठेवलं होतं. पाच वेळा वाजवलं. एकही सूर चुकला नाही, मामा, आणि एकदाही ते आपलं गाणं झालं नाही. ठोक्यावर ठोका, सरळ रांगेत. निई आर्माने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "छान आहे गं, पण समुद्रात कुणी गेल्यासारखं वाटत नाही." मग म्हणाला, नाहीच जमलं तर शेवटची चार मिनिटं नुसत्या लाटांचा आवाज ठेवू. पस्तीस मिनिटं उरली होती, त्यातली दहा विश्रांतीची. हॉल सहाला सोडायचा होता आणि परत यायला पैसेही नव्हते, तारीखही नव्हती. मी जाऊन त्यांना गाऊन दाखवलं. माझा गळा तुम्हाला माहीत आहे. त्यांनी सभ्यपणे मान डोलावली आणि सहाव्यांदा तसंच वाजवलं.

विश्रांतीत सगळे पोगाचा, म्हणजे चीज आणि तीळ लावलेले छोटे खारे पाव, खात होते. मी जिन्यात बसून तुमचा कागद काढला. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं, तुमचं अक्षर बघावंसं वाटलं एवढंच. शेजारी एक बाई येऊन बसली, पिरोश्का नेनी. नेनी म्हणजे त्यांच्याकडची मावशी. साठीच्या आहेत, व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीसारखं जे वाद्य असतं, व्हायोला, ते वाजवतात. त्यांनी माझ्या मांडीवर वाकून पाहिलं, बोटावरचे तीळ चाटले आणि तुमच्या कागदावरून गायला लागल्या. अडखळल्या नाहीत. पहिल्या अक्षरापासून, डो, मी, सो, ला, तुम्ही म्हणता तसंच.

आणि हात, मामा. डो म्हणजे मूठ, मी म्हणजे आडवा पंजा, ला म्हणजे वरून लोंबणारी बोटं, टी म्हणजे वर रोखलेलं एक बोट. तुम्ही खडूने पांढऱ्या झालेल्या हातांनी आम्हाला करून दाखवायचात तेच हात. 

त्यांनी गेर्गेयला हाक मारून काहीतरी विचारलं. त्याने मला सांगितलं, "ती विचारतेय, आमच्या पहिलीच्या वर्गातला कागद तुझ्याकडे कसा आला?" मी म्हटलं, माझ्या मामाने लिहिलाय, अनोमाबोमध्ये, समुद्राकाठी. त्यांना खरं वाटेना. मग कळलं की इथे प्रत्येक मूल शाळेत हेच शिकतं. पाच रेघा नंतर येतात, आधी अक्षरं आणि हात, आणि डो दरवेळी हलता. चौपन्नच्या चौपन्न जण यातूनच गेलेले. मी एकवीस वर्षं जे गादीखाली लपवलं ते इथल्या दुकानदारालाही येतं.

पिरोश्का नेनींनी कागद माझ्या हातातून घेतला आणि ऑफिसात जाऊन त्याच्या प्रती काढल्या. वीस मिनिटं उरली होती. वाद्यं खाली ठेवून सगळे उभे राहिले. मी कानातली यंत्रं काढायला सांगितली. गेर्गेय सूर द्यायला पियानोकडे निघाला, तर नेनींनी त्याला थांबवलं आणि स्वतःच्या छातीतून डो धरला, मी लिहिला होता त्याच्या बराच खाली. बाकीचे तिथून पुढे आले. हळूहळू सगळेच हातही करायला लागले, शिंग वाजवणारा एक टक्कल पडलेला माणूस तर डोळे मिटून. तिसऱ्या ओळीच्या शेवटी टी आला तेव्हा चौपन्न बोटं वर गेली आणि तिथेच थांबली. तो सूर कुठेच उतरेना. 

गेर्गेयने एवढंच विचारलं, "हा टी बरोबर आहे ना? मला तिथे ला वाटत होता." मी म्हटलं, हे माझ्या मामाचं अक्षर आहे, त्यांनी लिहिलंय ते बरोबर. मग ते खाली बसले आणि गायले तसंच वाजवलं, ठोक्याशिवाय, एकदाच. सहाला सात मिनिटं कमी होती. काचेमागे निई आर्मा रुमाल शोधत होता, केंकीवाला असला तरी. चित्रपटाच्या शेवटी आता आधी त्यांचं गाणं आहे, तोंडाने डो-रे-मी, आणि मग त्यात वाद्यं येतात.

मामा, मी जानेवारीत लिहिलं ते खोटं होतं. हे पत्र वडीलधाऱ्यांच्या त्याच बैठकीत वाचा, आणि म्हणावं, ही तीच मुलगी आहे, ती चुकली होती. तुमची काठी परत घ्या. कॅसेट सोबत आहे. यंत्र बिघडलं असेल तर एकोवच्या बँकेत एखादं असेल.

तुमची,
अराबा

•

अनोमाबो,
१८ मे १९९८, सोमवार

अराबा पोरी,

हे अक्षर माझं नाही, एकोवचं आहे. मी सांगतोय आणि तो लिहितोय. मी सांगेन तेच लिहायचं असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. (मी बायबलवर हात ठेवलेला नाही. — लिहिणारा.)

तुझं पत्र बैठकीत वाचलं.  मग आमचे धर्मगुरू म्हणाले, टीचर बेंटसिल, काठी परत घ्या म्हणजे काय? ती आम्ही मागितली कधी? सगळे माझ्याकडे बघायला लागले. अराबा, आता मला तुला ते सांगायला लागतंय जे मी मार्चमध्ये सांगायला हवं होतं.

काठी कुणी काढून घेतली नाही. अक्षरं सोडा असं कुणी म्हणालं नव्हतं, जोडीला पाच रेघाही शिकवू, एवढंच म्हणणं होतं. तुझं ते वाक्य बैठकीत वाचलं गेलं तेव्हा सगळे हसले, पोरगी लंडनची झाली म्हणाले आणि चहा आला. ते पत्रसुद्धा मी वाचलं नव्हतं, एकोवने वाचलं. मला वाचता येत नव्हतं. गेल्या वर्षापासून दोन्ही डोळ्यांवर धुकं आहे, सकाळी कमी, दुपारी जास्त. अक्षर मोठं होतं ते तुझ्या चष्म्यासाठी नव्हतं.

ईस्टरआधीच्या उपवासाच्या दुसऱ्या रविवारी मी नवीन गाणं दिलं, माझ्या हाताने लिहिलेलं. एक अख्खी ओळ वाकडी गेली. बायकांनी ती तशीच गायली, सरळ चेहऱ्याने, कारण टीचरने तसं लिहिलं होतं आणि टीचरला कोण सांगणार. मला वाटलं त्या चुकल्या. मी त्यांना सगळ्यांसमोर रागावलो. दोन दिवसांनी मान्साने भट्टीशी मला हळूच सांगितलं, कागदात तसंच होतं. त्या आठवड्यात मी काठी ठेवली. कारण म्हणून तुझं वाक्य हाताशी होतं. दूरच्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं असतं, त्याचा चेहरा बघायला लागत नाही. मला माफ कर. मी तुला एवढी वर्षं खोटं लिहू नकोस म्हणून शिकवलं आणि स्वतः चांगलं दोन पानी खोटं लिहिलं. (दीड पान होतं, मीच पोस्टात टाकलं. — लि.)

आणि तिसरी ओळ. तिथे ला आहे. सदतीस वर्षं ला होता. मी सुरांखाली रेघ ओढत होतो, पट्टी घसरली आणि त्या उभ्या रेघेला आडवी काटकी बसली. तू विचारलंस तेव्हाच मला चूक कळली होती. पण ती मान्य केली असती तर डोळ्यांचंही सांगावं लागलं असतं, म्हणून टीच वाजव असं लिहिलं. तुझी आठवण बरोबर होती. तुझे कान शाबूत आहेत. त्या केंकीवाल्याला सांग आणि काहीही करून ते दुरुस्त कर. माझ्या आंधळेपणावर चौपन्न परक्या माणसांनी बोटं वर केली, हे मनात आलं की मला जेवण जात नाही. (जातं. काल दोन केंकी. — लि.)

कॅसेट ऐकली. एकोवच्या यंत्रावर, भट्टीपाशी, बायकाही होत्या. तुला काय सांगू. ती माणसं कोण, कुठली, त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही, आणि माझं अक्षर वाचून गातायत. पाच मिनिटं मला माझ्या वह्यांची काळजी नव्हती. डोळ्यांत धूर गेला. (त्या दिवशी भट्टी पेटवलेली नव्हती. — लि.)

•

१९ मे, मंगळवार

पत्र बंद केलं नव्हतं ते बरं झालं.

आज तालमीत मी मागच्या बाकावर बसलो होतो. एकोव पुढे. शेवटी बायकांनी मान्साचं गाणं धरलं, आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी त्यांनी टी घेतला. सगळ्यांनी. मी उठून थांबवलं. म्हटलं, ती चूक आहे, माझी आहे, मी कालच तशी कबुली लिहून दिलीय, तिथे ला आहे. त्यांनी मान डोलावली आणि परत टी घेतला. माझ्याकडे न बघता.

मी मान्साला विचारलं, गाणं तुझं आहे, तू तरी सांग यांना. ती बाकावरून उठली. मग म्हणाली, "टीचर, तुम्ही तेव्हा ला लिहिलात. ला म्हटलं की तो गेला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण तुम्ही शिकलेले होतात. टी म्हटलं की मी अजून दारात उभी आहे."

अराबा, सदतीस वर्षं ती माझ्यासमोर माझा ला म्हणत होती.

दुरुस्ती करू नकोस. त्यांच्याबरोबर मीही म्हटलं, टी घेऊन, दोनदा. पहिल्यांदा जमलं नाही.

मान्साने आणि एकोवने मिळून केप कोस्टला माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख घेतली आहे, नऊ जून, आधी एक डोळा. तो उघडला की एकतीस वह्या तपासायच्या आहेत. गेल्या वर्षभरात पट्टी कुठे कुठे घसरली ते मी शोधेन, आणि त्यातलं काय पुसायचं आणि काय राहू द्यायचं ते बायका सांगतील. लिहून घ्यायला माणूस लागेल. पाच रेघांवर नाही, अक्षरांत.

डॉक्टर डोळ्यात सुई घालतो म्हणतात. मला भीती वाटते. ये.

मामा
(हे शेवटचं त्यांनी दोनदा खोडायला सांगितलं. मी खोडलेलं नाही. — लि.)